वाइक आन झे : पोलादाच्या गावातली बुद्धिबळाची जत्रा

जानेवारीत आपल्याकडे जत्रांचा हंगाम ऐन भरात असतो. नेमक्या याच दिवसांत हॉलंडमधल्या एका लहानशा गावातही दरवर्षी एक जत्रा भरते. तिथे पालखी नसते, खाज्यांची दुकाने नसतात, रात्रीचे नाटक नसते. गावच्या सभागृहात शेकडो माणसे बुद्धिबळाचे पट मांडून, तोंडातून चकार शब्द न काढता तासन् तास बसून राहतात. गावाचे नाव वाइक आन झे. उत्तर समुद्राच्या काठावर, वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला वसलेले, दोन-अडीच हजार वस्तीचे हे गाव. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी वाड्याएवढे. पण बुद्धिबळ खेळणाऱ्या जगात हे नाव माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही.

मी हे नाव पहिल्यांदा वाचले ते विद्यार्थीदशेत, वाचनालयात येणाऱ्या मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर. क्रिकेटच्या बातम्यांखाली चार ओळी असत: आनंदची बरोबरी, कास्पारोव्हचा विजय. गावाचे नाव कधी 'विज्क आन झी', कधी 'विक ऑन झी' असे छापलेले असे. हे गाव आहे की प्रायोजक कंपनी आहे, हेच आम्हाला बरेच दिवस कळत नव्हते. पुढे नोकरीला लागलो, घरी इंटरनेट आले आणि कळले की दोन्हींचा संबंध आहे. गाव आणि कारखाना यांना वेगळे काढता येत नाही, आणि या स्पर्धेची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

१९१८ साली हॉलंडमध्ये एक लोखंड-पोलादाची कंपनी स्थापन झाली. तिच्या लांबलचक अधिकृत नावातला लोकांच्या तोंडी बसलेला शब्द म्हणजे 'होगोवन्स'. त्याचा सरळ अर्थ झोतभट्ट्या. देशात ना लोहखनिज ना मोठे डोंगर. खनिज जहाजाने आणायचे आणि बंदराजवळच वितळवायचे, म्हणून कारखाना आयमाउडन बंदराशी उभा राहिला. आजूबाजूच्या बेव्हरवाइक, वाइक आन झे या गावांतले लोक तिथे कामाला लागले. कारखान्यातल्या बुद्धिबळप्रेमी मंडळींनी १९३८ साली बेव्हरवाइकला एक स्पर्धा भरवली. मुख्य गटात खेळाडू किती? फक्त चार. जिंकणारा फिलिप बाक्कर. आज हे नाव बुद्धिबळाच्या अभ्यासकालाही पुस्तक उघडून पाहावे लागेल. पुढे जिथे एकाहून एक जगज्जेते हजेरी लावणार होते, त्या स्पर्धेचा नारळ असा फुटला.

त्या काळात हॉलंडमध्ये बुद्धिबळाचे वेड होते, त्यालाही कारण होते. १९३५ साली माक्स युवे या डच गणितशिक्षकाने अलेखाइनसारख्या बलाढ्य खेळाडूला हरवून जगज्जेतेपद मिळवले. ते त्याच्याकडे दोनच वर्षे राहिले, पण शाळेत गणित शिकवणारा माणूस जगात पहिला येऊ शकतो हे सगळ्या देशाने पाहिले. याच युवेने १९४० साली होगोवन्स स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या.

युद्धाच्या काळातही स्पर्धा चालू राहिली. खेळाडू फक्त डच, आणि तेही थोडे. १९४२ साली पुन्हा युवे जिंकला. खंड पडला तो एकदाच, १९४५ साली. त्या हिवाळ्याला डच लोक 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. पश्चिम हॉलंडमध्ये अन्न आणि कोळसा मिळेनासा झाला, माणसांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले, हजारो लोक उपासमारीने गेले. अशा जानेवारीत पट कोण मांडणार?

पण १९४६ च्या जानेवारीत पट पुन्हा मांडले गेले, आणि पहिल्यांदाच परदेशी खेळाडू बोलावले गेले. त्या वर्षी बेल्जियमचा ओ'केली जिंकला. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते, अन्नाची टंचाई होती. समारोपाच्या जेवणात पाहुण्यांना वाढायचे काय? यजमानांनी गोरगरिबांच्या घरी शिजते तेच वाढले, वाटाण्याचे दाट सूप. पुढे चांगले दिवस आले, मेजवानीला पक्वान्ने आली, पण समारोपाच्या जेवणात वाटाण्याचे सूप वाढायची पद्धत मोडली नाही. आपल्याकडे एखाद्या श्रीमंत घरात लग्नाच्या पंगतीला आधी वाटीभर पेज वाढावी आणि 'आमचे दिवस असे होते' याची आठवण ठेवावी, तसे हे. मला या स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

पन्नास आणि साठच्या दशकांत स्पर्धा वाढत गेली. हळूहळू रशियन खेळाडू येऊ लागले. १९६० साली डेन्मार्कचा लार्सन आणि पुढे जगज्जेता झालेला पेट्रोशियन यांनी पहिला क्रमांक वाटून घेतला, १९६७ साली स्पास्की जिंकला. १९६८ पासून स्पर्धा बेव्हरवाइकहून शेजारच्या वाइक आन झे गावात आली आणि तिथेच रुजली. तिथल्या पहिल्या वर्षी कोर्चनॉय जिंकला. १९६९ साली बोट्विनिक (गेलरच्या बरोबरीने) आणि १९७३ साली ताल. एका पोलाद कारखान्याच्या गावात, हाडे गोठवणाऱ्या वाऱ्यात ही मंडळी दरवर्षी येत होती.

आपल्या माणसाचे नाव विजेत्यांच्या फळ्यावर चढले ते १९८९ साली. विश्वनाथन आनंद तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि भारताचा पहिला ग्रँडमास्टर होऊन त्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. त्या वर्षी निकोलिच, रिब्ली आणि साक्स या तिघांसह त्याने पहिला क्रमांक वाटून घेतला. त्यानंतर १९९८ साली क्रॅमनिकसह, २००३ आणि २००४ साली एकट्याने, आणि २००६ साली टोपालोव्हसह. ही स्पर्धा पाच वेळा जिंकणारा तो पहिला खेळाडू. युवे, पोर्टिश आणि कोर्चनॉय हे तिघेही चारवर थांबले होते. पुढे मॅग्नस कार्लसनने २०२२ पर्यंत आठ वेळा जिंकून तो आकडा मागे टाकला.

एका डावाबद्दल मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९९९ सालची स्पर्धा, कास्पारोव्ह विरुद्ध टोपालोव्ह. चोविसाव्या खेळीला कास्पारोव्हने हत्ती बळी दिला. टोपालोव्हने तो घेतला. झाले! त्यानंतर काळ्या राजाला घर सोडून बाहेर पडावे लागले. एकेक शह खात तो सगळा पट ओलांडून पांढऱ्याच्या पहिल्या पट्टीपर्यंत जाऊन पोचला. शत्रूच्या अंगणात फरफटत नेलेला राजा! चव्वेचाळीस खेळ्यांत डाव संपला. ज्याला नुसत्या मोहऱ्यांच्या चाली माहीत आहेत, त्यानेही हा डाव एकदा पटावर मांडून पाहावा. त्या वर्षी कास्पारोव्ह जिंकला, आनंद अर्ध्या गुणाने मागे राहिला. पुढची दोन्ही वर्षे पुन्हा कास्पारोव्हच.

आता मुद्द्याचे बोलतो. मोठ्या खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धा जगात अनेक झाल्या. स्पेनमधल्या लिनारेस या खाणींच्या गावात १९७८ पासून अशीच एक स्पर्धा भरत असे. नव्वदच्या दशकात तिच्यासारखी कडवी स्पर्धा दुसरी नव्हती. २०१० नंतर ती बंद पडली. हॉलंडमध्येच ॲमस्टरडॅमची आयबीएम स्पर्धा आणि टिलबर्गची स्पर्धा, दोन्ही एकेकाळी गाजल्या, दोन्ही बंद झाल्या. प्रायोजकाचे मन बदलले, पैसा आटला, की खेळ खलास. मग वाइक आन झेची स्पर्धा कशी टिकली? पैसा तर इथेही कंपनीचाच होता.

माझ्या मते याचे उत्तर सभागृहाच्या मांडणीत आहे. गावातल्या 'द मोरियान' या सभागृहात एका बाजूला जगज्जेते बसलेले असतात आणि त्याच छपराखाली हौशी खेळाडूंचे गटच्या गट खेळत असतात. कोणी शिक्षक, कोणी निवृत्त पोस्टमन, कोणी कारखान्यातला फिटर, कोणी शाळकरी पोर. बहुतेक गट दहा-दहा जणांचे, साधारण सारख्या ताकदीचे. आपला गट जिंकला की पुढच्या वर्षी वरच्या गटात बढती. आपला डाव संपला की उठून चार पावले चालायचे आणि कार्लसनचा डाव पाहायचा. लिनारेसला प्रेक्षक होते. इथे प्रेक्षकच खेळाडू आहेत. जी स्पर्धा शेकडो माणसांची वर्षाची सुट्टी ठरवते, ती बंद करणे कुठल्याही कंपनीला सोपे नसते.

बढतीची ही शिडी वरपर्यंत जाते. व्यावसायिक खेळाडूंचेही पूर्वी अ, ब आणि क असे तीन गट होते. २०१४ पासून दोनच राहिले, 'मास्टर्स' आणि 'चॅलेंजर्स'. खालचा गट जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी वर खेळायला मिळते. आम्ही सरकारी नोकर. एलडीसीचा यूडीसी व्हायला किती पावसाळे काढावे लागतात हे आम्हाला विचारा! इथे ज्येष्ठतेची यादी नाही, तेरा डाव खेळायचे आणि पहिले यायचे, बस्स. कार्लसन २००४ साली तेरा वर्षांचा असताना क गट जिंकला. २००६ साली त्याने ब गटात पहिला क्रमांक वाटून घेतला. २००७ साली तो अ गटात पोचला, आणि तिथे एकही डाव न जिंकता तळाला राहिला. दुसरीकडे अशा पोराला 'अजून वेळ आहे' म्हणून घरी बसवले असते. इथे तो २००८ साली परत आला आणि अरोनियनसह पहिला आला. शिडी नुसती चढायला नसते, पडल्यावर पुन्हा पाय ठेवायलाही असते.

दरम्यान कारखान्यावरच्या पाट्या बदलत राहिल्या. १९९९ साली होगोवन्स आणि ब्रिटिश स्टील एकत्र येऊन 'कोरस' झाली. २००० पासून स्पर्धाही कोरस झाली. २००७ सालच्या जानेवारीत स्पर्धा आटोपत आली होती, आणि तिकडे कोरस विकत घेण्यासाठी ब्राझीलची एक कंपनी आणि आपली टाटा स्टील यांच्यात बोली चालू होती. महिनाअखेर टाटांनी बाजी मारली. व्यवहार सुमारे बारा अब्ज डॉलरचा. १९०७ साली स्थापन झालेल्या टाटांच्या पोलाद कंपनीने बरोबर शंभर वर्षांनी युरोपातला कारखाना घेतला. २०११ पासून स्पर्धेचे नाव 'टाटा स्टील' झाले. कचेरीत खात्याचे नाव बदलते, शिक्के बदलतात, पण जुनी फाइल त्याच क्रमांकाने चालू राहते. तसे या स्पर्धेचे झाले. वर्षांची मोजदाद १९३८ पासूनच चालू आहे. मधले १९४५ वगळता एकही वर्ष सुटलेले नाही, आणि २०२५ ची स्पर्धा ८७ वी ठरली. २०२१ साली कोविडमुळे हौशी खेळाडूंना बंदी होती आणि रिकाम्या सभागृहात फक्त चौदा मास्टर्स खेळले. त्या वर्षी डच यॉर्डन व्हान फोरेस्ट जिंकला, पण त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला हॉलंडचे लोक सभागृहात नव्हते. १९८५ च्या टिमाननंतर पहिल्यांदाच यजमान देशाचा माणूस जिंकला होता!

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. कारखान्याच्या धुराड्यांतून उडणारी काळी धूळ वाइक आन झेच्या खिडक्यांवर आणि घसरगुंड्यांवर बसते, अशी गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे. २०२१ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या धुळीत शिसे आणि इतर घातक द्रव्ये आहेत आणि ती लहान मुलांच्या आरोग्याला बरी नाहीत, असा अहवाल दिला. डिचोली-सांग्याच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिकडची धूळ काळी, आपली तांबडी. ज्या कंपनीने गावाला जगाच्या नकाशावर आणले, तिच्याशीच गावाला भांडावेही लागते. स्पर्धा चांगली आहे म्हणून धूळ चांगली ठरत नाही, आणि धूळ आहे म्हणून स्पर्धेचा इतिहास खोटा ठरत नाही. दोन्ही एकाच गावात राहतात.

आता आपल्या घरची गोष्ट. २०२४ सालच्या जानेवारीत या स्पर्धेचा चॅलेंजर्स गट कोणी जिंकला? आपल्या गोव्याच्या लिऑन ल्यूक मेंडोन्साने. तेरा डावांत साडेनऊ गुण. वय सतरा. याच मुलाची आधीची कथा अनेकांना आठवत असेल. २०२० साली कोविडची टाळेबंदी लागली तेव्हा तो वडिलांबरोबर हंगेरीत अडकला होता. परत येता येईना, तर बापलेकांनी तिथेच राहून मिळेल ती स्पर्धा खेळायची असे ठरवले. घरापासून महिनोन् महिने दूर राहून, वयाची पंधरा वर्षे पूर्ण व्हायच्या आत, इटलीतल्या स्पर्धेत शेवटचा निकष गाठून तो भारताचा ६७ वा ग्रँडमास्टर झाला. गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर अनुराग म्हामल, त्यानंतरचा हा.

चॅलेंजर्स जिंकल्यामुळे नियमाप्रमाणे २०२५ साली लिऑन मास्टर्स गटात बसला. चौदा खेळाडूंमध्ये पाच भारतीय: गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन एरिगैसी, हरिकृष्ण आणि आपला लिऑन. गुणतक्त्यात तो खालच्या अर्ध्यात राहिला. त्याचे मला वाईट वाटत नाही. कार्लसनचे २००७ आठवावे. वर मात्र शेवटच्या दिवशी नाट्य घडले. नुकताच जगज्जेता झालेला गुकेश आणि प्रज्ञानंद बरोबरीने आघाडीवर होते, आणि दोघेही शेवटचा डाव हरले! साडेआठ-साडेआठ गुणांवर दोघांत जलद डाव झाले. पहिला गुकेशने घेतला, दुसरा प्रज्ञानंदने आणि निर्णायक तिसराही प्रज्ञानंदनेच. आनंदनंतर ही स्पर्धा जिंकणारा तो दुसरा भारतीय.

लिऑन जिंकला त्याच २०२४ च्या चॅलेंजर्स गटात नागपूरची दिव्या देशमुखही खेळत होती. स्पर्धा संपल्यावर तिने जाहीरपणे लिहिले की प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करत होते. अठरा वर्षांच्या मुलीने हे लिहिले आणि तिचे म्हणणे जगभर पोचले. २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली. शिडी सगळ्यांसाठी एकच असली तरी चढताना प्रत्येकाला वारा सारखा लागत नाही, हे तिच्यामुळे आमच्यासारख्या प्रेक्षकांना कळले.

हे सगळे आज लिहावेसे वाटले त्याला निमित्त गोव्यातलेच. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीपासून जवळजवळ महिनाभर बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात झाला. २०६ खेळाडू आले. अंतिम सामन्यात उझबेकिस्तानच्या सिंदारोव्हने चीनच्या वेई यीला हरवले, आणि हा वेई यी म्हणजे २०२४ चा वाइक आन झेचा विजेता. ज्या नावांना आम्ही क्रीडापानावर चार ओळींत शोधत होतो, ती माणसे बार्देशात येऊन राहिली. अभिमान वाटलाच.

पण विश्वचषक पाहुणा असतो. तो एकदा येतो, जेवतो, जातो. जत्रा आपली असते, कारण ती दरवर्षी त्याच तिथीला येते आणि तिच्यात गावातल्या प्रत्येकाला काहीतरी काम असते. कोणी दिवटी धरतो, कोणी पाने लावतो, कोणी नुसताच ओरडत फिरतो. वाइक आन झेच्या लोकांनी पहिल्याच वर्षी जगज्जेते बोलावले नव्हते. चार खेळाडू बसवले, दुसऱ्या वर्षी पुन्हा बसवले, युद्धात बसवले, उपासमारीनंतर सूप पाजून बसवले. जगज्जेते नंतर आले.

आपल्याकडे मुलांची कमतरता नाही. तालुक्या-तालुक्यांत रविवारच्या स्पर्धांना आईबाप पोरांना घेऊन येतात, शाळेच्या वर्गात बाकांवर पट मांडले जातात, आणि संध्याकाळी चषक घेऊन पोरे घरी जातात. हवी आहे ती एक ठरलेली तारीख आणि एक शिडी. एखाद्या गावाने, एखाद्या संस्थेने, गरज पडली तर एखाद्या कंपनीनेही, 'दरवर्षी याच आठवड्यात, याच सभागृहात, लहानमोठे सगळे एका छपराखाली' असे ठरवावे आणि पहिल्या वर्षी चारच जण आले तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा पट मांडावेत. समारोपाला वाटाण्याचे सूप नको. आमच्या गावची उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोर चालेल. माझी एक खुर्ची मात्र सगळ्यांत खालच्या गटात राखून ठेवा.